मलबारची झाडे आणि आम्स्टरडॅमचा छापखाना



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात डच लोक एका परिच्छेदात येतात आणि त्याच परिच्छेदात निघून जातात. त्यांनी पोर्तुगीजांना हरवले, मिरीचा व्यापार केला, १७४१ साली कोलाचेलच्या लढाईत त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांकडून पराभव पत्करला, आणि विषय संपला. परीक्षेपुरते एवढे पुष्कळ झाले. परंतु याच डचांच्या एका अधिकाऱ्याने आपल्या देशातील झाडे, फळे आणि मसाले यांचा बारा खंडांचा एक चित्रग्रंथ करवून घेतला, आणि त्या ग्रंथातील चित्रांवर आपल्या ओळखीची अक्षरे आहेत, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या लेखात तीच सांगण्याचा विचार आहे.

ग्रंथाचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने आहेत आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली सुमारे ७९० चित्रे आहेत. छपाई सुरू झाली तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज हयात होते आणि दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब होता, हे लक्षात घेतले म्हणजे काळाची कल्पना येईल.

या ग्रंथापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे जायला हवे. आपल्या मसाल्यांची माहिती युरोपला प्रथम अरबांकडून झाली. पुरावा शोधायला दूर जायला नको, शब्दच साक्ष देतात. चिंचेला इंग्रज 'टॅमरिंड' म्हणतो. हा शब्द अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, यावरून आला. नारळाला अरबीत 'नारजील' म्हणतात, तो आपला नारिकेल. मिरीला 'फिलफिल' म्हणतात, तिचे मूळ पिंपळीत. कुरआन शरीफमधील सूरह अद-दहरमध्ये 'जंजबील' हा शब्द येतो, तो सुंठीचा किंवा आल्याचा वाचक आहे, आणि त्याचे मूळही विद्वान संस्कृत 'शृंगवेर' या शब्दाकडे नेऊन जोडतात. माल जहाजातून गेला आणि मालाबरोबर शब्दही गेले.

चौदाव्या शतकात इब्न बतूता मलबारात आला तेव्हा त्याने मिरीचे वेल डोळ्यांनी पाहिले. हे वेल द्राक्षाच्या वेलासारखे असून ते नारळाच्या झाडाजवळ लावून वर चढवतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्या देशात लोक समजत की मिरी विस्तवावर भाजतात म्हणून ती सुरकुतते. हे खरे नाही, उन्हात वाळवल्यामुळे ती तशी होते, असे त्याने स्पष्ट सांगितले. वाचकहो, हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. शेकडो वर्षे मिरी खाणाऱ्या लोकांना मिरी कशी होते हे ठाऊक नव्हते, कारण त्यांनी झाड कधी पाहिले नव्हते. डबीतला मसाला माहीत, पण त्याचे पान कसे, फूल कसे, याची कल्पना नाही, अशी जगाची स्थिती होती.

मग पोर्तुगीज आले. त्यांच्यात गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य होता. तो १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा असे. तेथील अरबी आणि इराणी हकिमांशी तो औषधांबद्दल चर्चा करी. मुंबईचे बेट त्याने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतले होते, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, असे त्याने नमूद केले आहे. १५६३ साली गोव्यातच त्याचे पुस्तक छापले गेले. पुस्तक उत्तम, पण त्यात वनस्पतींची चित्रे नाहीत. पुढे युरोपात त्याचे लॅटिन रूपांतर झाले, त्यात काही चित्रे घातली गेली. क्रिस्तोबाल अकोस्ता या दुसऱ्या वैद्याने १५७८ साली स्पेनमध्ये असेच पुस्तक चित्रांसह काढले. ही चित्रे लाकडी ठशांची होती. लाकडात बारीक रेघ टिकत नाही, म्हणून पाने जाड आणि फळे ठोकळ्यासारखी दिसतात.

(गार्सियाची शेवटची कथा कडू आहे. तो जन्माने यहुदी घराण्यातला होता. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली.)

आता मूळ गोष्टीकडे वळू. १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकून घेतले. त्यांच्या सैन्यात हेंड्रिक व्हान रेडे नावाचा तरुण होता. घराणे सरदाराचे, परंतु विद्येशी संबंध विद्यापीठाचा नव्हे. तो शिपाई म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीत भरती झालेला. १६७० साली तो मलबारचा कमांडर झाला. कंपनीला तेथून मिरी हवी होती, बाकी कशाशी कर्तव्य नव्हते. व्हान रेडेने मात्र एक विचित्र प्रकार पाहिला. कंपनी आपल्या दवाखान्यांसाठी युरोपातून औषधे मागवत असे. त्यांतली कित्येक औषधे मुळात पूर्वेकडूनच युरोपला गेलेली असत आणि जुनी, निकामी होऊन परत येत. ज्या झाडाखाली आपण उभे आहोत त्याचीच साल समुद्रापलीकडून विकत आणायची, हा व्यवहार कोणाही घर चालवणाऱ्या माणसाला पटणार नाही. त्यालाही पटला नाही.

त्याने कोचीनच्या राजाचे साहाय्य मिळवले आणि माणसे रानावनांत पाठवली. झाडे फूल, फळ आणि बी अशा वेगवेगळ्या अवस्थांत आणली जात. तीन-चार चितारी बसलेले असत, ते ताजी फांदी समोर ठेवून लगेच चित्र काढत. शेजारी जाणती मंडळी बसून प्रत्येक वनस्पतीचे नाव आणि गुण यांवर चर्चा करत. त्यांची वाद करण्याची शांत रीत पाहून आपल्याला आश्चर्य वाटले, असे व्हान रेडेने लिहिले आहे.

या मंडळीत प्रमुख होता इट्टी अच्युतन हा वैद्य. तो एळव समाजातला, म्हणजे त्या काळच्या समाजरचनेत खालचा मानलेला. परंतु त्याच्या घराण्यात वैद्यकीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. त्याने मल्याळममध्ये सांगायचे, मानुएल कार्नेरो या दुभाष्याने ते पोर्तुगीज भाषेत आणायचे आणि तेथून पुढे ते लॅटिनमध्ये जायचे. लॅटिन मजकुराचे सुरुवातीचे काम योहानेस कासेआरियस या कोचीनच्या पाद्र्याने केले. हा गृहस्थ एके काळी तत्त्वज्ञ स्पिनोझाकडे शिकलेला होता. मात्येउस नावाचा एक इटालियन पाद्रीही आरंभी या कामात होता, त्याने अरब देशांत बरीच वर्षे काढली होती.

आणि यांच्याबरोबर तीन नावे अशी आहेत की ती वाचून मराठी माणूस थबकतो : रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे कोचीनमधले कोकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीजांच्या अमलात गोव्यातून अनेक कोकणी कुटुंबे दक्षिणेकडे गेली व कोचीनला वसली, हे आपण वाचलेले असते. त्या समाजातली ही माणसे. ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांचे एक प्रमाणपत्र छापलेले आहे, भाषा कोकणी आणि लिपी नागरी. त्यात ते सांगतात की आम्ही हे काम निघंटूच्या आधारे व अनुभवाने केले आहे. इट्टी अच्युतनचेही स्वतःच्या हस्ताक्षरातले प्रमाणपत्र त्याच खंडात आहे, त्याची तारीख २० एप्रिल १६७५. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक आहे, आणि मल्याळम अक्षरे छापील पुस्तकात प्रथम आली ती याच ग्रंथात.

आता चित्रे कशी तयार होत ते पाहू. शाईने काढलेली मूळ चित्रे जहाजाने आम्स्टरडॅमला जात. तेथे कोरीवकाम करणारा कारागीर तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेई आणि टोकदार पोलादी कोरणीने त्यात एकेक रेघ खोदत असे. पानाची शीर हवी तर बारीक रेघ, सावली हवी तर जवळजवळ अनेक रेघा. पत्र्यावर शाई फासायची, वरची शाई पुसून काढायची म्हणजे ती फक्त खोदलेल्या रेघांत राहते. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून दाबाने काढायचा. कागद रेघांतली शाई उचलून घेतो. छाप उलटी उठत असल्यामुळे डावे उजवे होते, म्हणून अक्षरे पत्र्यावर उलटी कोरावी लागतात. मित्रांनो, विचार करा : आम्स्टरडॅमचा तो कारागीर, ज्याने कधी नागरी पाहिली नव्हती, अरबी पाहिली नव्हती, मल्याळमही पाहिली नव्हती, तो आरशात दिसावीत तशी ही अक्षरे तांब्यात खोदत होता. आमच्या वर्गातली मुले सुलट अक्षर गिरवतानाही काना-मात्रा विसरतात!

होय, तिन्ही लिप्या. या ग्रंथातील अनेक चित्रांवर वनस्पतीचे नाव चार लिप्यांत दिलेले आहे. एक रोमन लिपी, दुसरी मल्याळम, तिसरी अरबी आणि चौथी नागरी. एकाच पानावर, एकाच फांदीशेजारी. मला तरी या ग्रंथातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

अरबी लिपी तिथे कशी, असा प्रश्न कोणी विचारील. त्या किनाऱ्यावर ती परकी नव्हतीच. अरब व्यापारी शतकानुशतके येत होते. मलबारचे मोपले मुसलमान आपली मल्याळम भाषा अरबी अक्षरांत लिहीत होते. काझी मुहम्मद यांचे 'मुहियुद्दीन माला' हे काव्य १६०७ सालचे आहे, म्हणजे या ग्रंथाच्याही सत्तर वर्षे आधीचे. बाजारात मिरी घेणारा आणि विकणारा जी अक्षरे वाचत होता, ती अक्षरे चित्रावर आली, यात नवल ते काय? उलट ती नसती तर बाजार अपुरा राहिला असता.

चित्रांविषयी थोडे सांगतो. पहिल्या खंडाचा आरंभच नारळाने होतो, मल्याळममध्ये 'तेंगा'. नंतर सुपारी. त्याच खंडात केळ आहे, पपई आहे, चिंच आहे, दालचिनी आहे. तिसऱ्यात फणस आणि काजू, चौथ्याच्या आरंभी आंबा, सातव्यात मिरीचा वेल, अकराव्यात वेलदोडा आणि अननस. चित्रे मोठ्या आकाराची असून पुष्कळशी समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली आहेत. रंग नाही, केवळ काळी रेघ. पुढे काही प्रतींत हाताने रंग भरले गेले, पण माझ्या मते रेघच खरी. रंग डोळ्यांना सुखावतो, रेघ मात्र पान देठाला कसे चिकटले आहे ते सांगते.

काजूचे नाव या ग्रंथात 'कापा मावा' असे आहे. मल्याळममध्ये 'कप्पल' म्हणजे जहाज आणि 'मावु' म्हणजे आंब्याचे झाड, म्हणून जहाजातून आलेला आंबा असा त्याचा अर्थ लावतात. अननसालाही असेच 'कापा चक्का', म्हणजे जहाजाचा फणस, म्हटले आहे. दोन्ही फळे पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली. ज्या काजूशिवाय आज कोकणची कल्पना करवत नाही, तो तेव्हा पाहुणा होता आणि त्याचे नावच ते सांगत होते. काजू आणि अननस हे आपले शब्द पोर्तुगीजांमार्फत ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषेतून आले आहेत. बादशहा जहांगीरही आपल्या आठवणींत अननसाचा उल्लेख करतो. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारांनी होते, असे तो कौतुकाने लिहितो. याच बादशहाने उस्ताद मन्सूरकडून काश्मीरच्या फुलांची शंभरावर चित्रे काढून घेतली होती. चितारी आपल्याकडे कमी नव्हते. दरबारात छापखाना नव्हता. मन्सूरचे चित्र बादशहाने पाहिले आणि दरबाऱ्यांनी पाहिले, आम्स्टरडॅमचे चित्र गावोगावच्या वैद्याने आणि विद्यार्थ्याने पाहिले. फरक पडला तो इथे.

तथापि या सुंदर पानांकडे पाहताना कंपनीचे दुसरे तोंड विसरून चालणार नाही. जायफळासाठी याच कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम करून नेले गेले. एका फळाच्या बीसाठी बेटे ओस पडली. जायफळाचे चित्र कितीही नाजूक कोरलेले असो, त्याच्यामागे हे आहे.

त्याच भागात, आंबोन बेटावर, कंपनीचाच एक नोकर रुंफियस राहत होता. जन्माने जर्मन. लवंग-जायफळाच्या त्या मुलखातील वनस्पतींचा ग्रंथ लिहायला त्याने घेतला. १६७० साली त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि लेक दगावली. आंधळा रुंफियस हाताने पान चाचपून, वास घेऊन, चव पाहून दुसऱ्याकडून लिहवून घेऊ लागला. १६८७ साली गावाला आग लागली आणि चित्रे जळाली. त्याने ती पुन्हा काढवून घेतली. १६९२ साली हस्तलिखित नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले. सुदैवाने बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलने आधीच एक नक्कल करवून ठेवली होती. ती हॉलंडला पोहोचली, तर कंपनीने ती दडपून ठेवली, कारण मसाल्यांची माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागेल ही भीती! रुंफियस १७०२ साली वारला. त्याचा ग्रंथ छापायला लागला तो १७४१ साली. सुमारे सातशे चित्रांचा तो ग्रंथ त्याने कधीच हातात धरला नाही. चाचपून का होईना, धरता आला असता.

मलबारच्या ग्रंथाचे नशीब बरे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी लॅटिन नावे देण्याची पद्धत रूढ केली. आपल्या देशातील वनस्पतींसाठी त्याने या ग्रंथावर मोठा विश्वास टाकला. त्याने मलबार पाहिला नव्हता, पुष्कळ झाडांचा वाळवलेला नमुनाही त्याच्याजवळ नव्हता. त्याच्यापुढे होते ते कोचीनहून गेलेले चित्र. त्यामुळे आजही कित्येक वनस्पतींच्या शास्त्रीय नावाचा वाद निघाला, तर निवाडा करण्यासाठी शास्त्रज्ञ या ग्रंथातल्या चित्राचाच आधार घेतात. तेच चित्र प्रमाण. वेलदोड्याचे शास्त्रीय नाव 'एलेट्टारिया' हे तर या ग्रंथातील मल्याळी नावावरूनच घेतलेले आहे.

एका गोष्टीचा राग येतो तो सांगतो. ग्रंथाच्या मुखचित्रात आपल्याकडची माणसे कुंड्या घेऊन गुडघे टेकून बसलेली दाखवली आहेत. ज्यांनी नावे सांगितली, गुण सांगितले, ते तिथे भेट आणणारे चाकर झाले. तरी व्हान रेडेला एवढे श्रेय द्यावे लागेल की त्याने आतल्या पानांत त्यांची नावे आणि हस्ताक्षरे छापली. पुढे इंग्रजांच्या अमलात तेवढेही पुष्कळदा झाले नाही. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते. तेथे अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरने १८४७ ते १८५० या वर्षांत दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती काढणारा चितारी हिंदी-पोर्तुगीज होता एवढेच नमूद आहे. नाव कोणी लिहून ठेवले नाही.

शिवाय जुन्या ग्रंथांची आणखी एक दुर्दशा होते. व्यापारी ग्रंथ उसवतात, चित्रे सुटी करतात, चौकटीत घालून दिवाणखान्यासाठी विकतात. भिंतीवर फणस शोभतो खरा, पण त्याच्या पुढच्या पानावरचे वर्णन गेले, औषधी उपयोग गेले, आणि चौकट बसवताना कधी कधी कडेची नावेही झाकली जातात.

व्हान रेडे १५ डिसेंबर १६९१ रोजी कोचीनहून सुरतेला जाताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रातच वारला. शेवटचा खंड त्याने पाहिला नाही. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची घुमट असलेली मोठी कबर आहे. सुरतेला नातेवाईक असणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी. ग्रंथ मात्र लॅटिनमध्ये अडकून पडला होता. कालिकत विद्यापीठाचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील तीन तपांच्या आसपास काळ या एका ग्रंथासाठी वेचला, एकेक वनस्पती पुन्हा शोधून काढली आणि इंग्रजी भाषांतर पूर्ण केले. केरळ विद्यापीठाने ते २००३ साली आणि मल्याळम भाषांतर २००८ साली प्रसिद्ध केले. इट्टी अच्युतनने जे मल्याळममध्ये सांगितले होते, ते मल्याळममध्ये परत यायला तीनशे तेहेतीस वर्षे लागली.

मूळ ग्रंथाची पाने आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मदतीने पहिला खंड उघडावा. प्रथम नारळ काढावा. कडेची अरबी अक्षरे मदरशात शिकलेल्या मुलाने वाचावीत, नागरी बाकीच्यांनी. जुने वळण आहे, एक-दोन अक्षरे अडतील. घरी आजी असेल तर फळाचे कोकणी नाव तिला विचारावे.